एकटीचं डाएट, घरभराचा स्वयंपाक

आमच्या बोदवडला हल्ली कुणाचं पोट सुटलं, कुणाची साखर वाढली, कुणाचे गुडघे धरले की सल्ला ठरलेला असतो: डाएट कर. सल्ला देणारा डॉक्टरच असतो असं नाही. साडू असतो, भिशीतली मैत्रीण असते, नाहीतर एखाद्या गाळ्यात वजनकाटा आणि पावडरचे डबे मांडून बसलेला ‘कोच’ असतो. भाकर बंद, भात बंद, रात्रीचं जेवण बंद, सकाळी शेक, एकवीस दिवसांत पाच किलो. दिवाळीनंतर उतरवलेलं वजन आखाजीपर्यंत परत चढलं की तोच सल्लागार सांगतो, “डाएट चांगलंच होतं, तुम्हीच मनावर घेतलं नाही.”

या शेवटच्या वाक्याची मला चीड आहे. ज्यांना ते ऐकवलं जातं ती माणसं आळशी नसतात. त्यांनी खरोखर उपाशी राहून पाहिलेलं असतं, चार लोकांत ताट बाजूला सारलेलं असतं, पैसे भरलेले असतात. उपाय फसला तरी दोष उपायाकडे जात नाही, रोग्याच्या स्वभावाकडे जातो. तापाच्या औषधाने ताप महिन्याभरात परत आला तर आपण रोग्याच्या निग्रहाची चौकशी करतो का?

या मताचं म्हणणं नीट मांडून घेऊ. लठ्ठपणा म्हणजे जिभेवर ताबा नसणं. थोडे दिवस तो ताबा कडकपणे ठेवला की शरीर ताळ्यावर येतं. ते ताळ्यावर आलं की नाही हे काटा सांगतो. आणि ‘खाण्याच्या सवयी बदला’ हे ज्यांच्याने निग्रह होत नाही अशांचं गुळमुळीत बोलणं आहे. हे मत इतक्या आत्मविश्वासाने बोललं जातं की ऐकणाऱ्याला शंका घ्यायची लाज वाटते. पण यातलं एकही विधान तपासाला टिकत नाही.

आधी निग्रहाचं बघू. १९४४च्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या संशोधकाने छत्तीस धडधाकट तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायचं नाही, या तत्त्वासाठी सरकारशी वाद पत्करलेले आणि युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना मदत व्हावी म्हणून स्वखुशीने आलेले हे लोक. निग्रहाची यापेक्षा वरची परीक्षा पास झालेली माणसं कुठून आणणार? त्यांना चोवीस आठवडे रोज सरासरी १,५७० कॅलरींचं जेवण दिलं आणि भरपूर चालवलं. वजन साधारण पाव हिस्सा उतरलं. त्याबरोबर काय झालं? डोक्यात दिवसभर जेवणाशिवाय दुसरा विषय उरला नाही. कुणी पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागलं, कुणी ताट चाटू लागलं. अंगात थंडी भरली, मन उदास झालं. जेवण पूर्ववत झाल्यावरही कित्येकांची भूक भागेना, पोट भरलेलं असताना ते खात राहिले आणि अंगावरची चरबी पहिल्यापेक्षा वर गेली. आता गाळ्यातला तक्ता काढून बघा. त्यात बाईला बाराशे कॅलरी लिहून दिलेल्या असतात. तत्त्वासाठी देशाशी भांडलेल्या तरुणांना १,५७० झेपल्या नाहीत, आणि घर, शेत, सासर सांभाळणाऱ्या बाईला बाराशे झेपल्या नाहीत तर तिचा निग्रह कमी?

मग पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो उतरतात ते काय असतं, असं विचारलं जाईल. बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भाकर-पोळी-भात एकदम बंद केलं की हा साठा संपतो, पाणी निघून जातं, काटा खाली येतो. दोन वेळा पोटभर जेवलं की परत वर जातो. ‘कोच’ फोटो काढतो तो या आठवड्यात.

त्याच्या पुढचं उतरणं खरं असतं, पण ते फुकट मिळत नाही. घाईने उतरवलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसून स्नायूंचा वगैरे असतो. शिवाय शरीर खर्च आखडतं. २०१६ साली केव्हिन हॉल यांनी अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतले चौदा स्पर्धक सहा वर्षांनी पुन्हा तपासले. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यातले ४१ परत आले होते. खरी बातमी पुढेच आहे. त्यांच्या वजनाच्या माणसाचं शरीर नुसतं पडून असताना जेवढं जाळतं, त्यापेक्षा त्यांचं शरीर रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं, तेही सहा वर्षांनी. ५०० कॅलरी म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या दोन भाकरी. शेजारणीइतकंच वजन टिकवायचं तर या माणसाने रोज, आयुष्यभर, तिच्यापेक्षा दोन भाकरी कमी खायच्या. त्याच्या भुकेची संप्रेरकं त्याला उलट जास्त खा म्हणून सांगत असताना.

काट्याचं तर आपल्याच पुण्यातल्या माणसाने कधीच उलगडून ठेवलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असतानाचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या प्रमाणात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्याच्या लेखी दोघंही सडपातळ. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून केलेल्या कामातून याज्ञिकांनी दाखवून दिलं की आपलं बाळ जन्मतःच दिसायला बारीक पण चरबीने भारलेलं आणि स्नायूंत कमी असतं. ज्यांच्याकडे स्नायू मुळातच कमी, त्यांना स्नायू झिजवणारा उपाय सुचवायचा, आणि काटा खाली आला म्हणून पेढे वाटायचे?

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ लोकांवर केलेली पाहणी तर डाएटवाल्या प्रत्येकाने वाचायला हवी. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. या सगळ्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. रोजचं चालणं आणि खाण्यात टिकाऊ बदल, म्हणजे साखर-मैदा-तेल कमी आणि चोथा जास्त, एवढं करणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. आणि या लोकांचं वजन जवळपास होतं तिथेच होतं. ‘कोच’च्या काट्यावर हे सगळे नापास झाले असते.

आता महाराष्ट्रात गाजलेल्या वादाकडे येतो, कारण बोदवडच्या ओट्यावरही तो रंगला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा असं सांगितलं, आणि २०१८मध्ये ते राज्याच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेचा चेहरा झाले. ऋजुता दिवेकर अनेक वर्षं सांगत होत्या की दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा. एकाचं ऐकावं तर दुसऱ्याचं चूक, असा घराघरांत तट पडला. नवरा दीक्षितांचा, बायको दिवेकरांची. माझं म्हणणं असं की भांडण घड्याळावर झालं आणि ताट कुणी पाहिलंच नाही. दीक्षितांच्या ताटात कच्च्या भाज्या, मोड आलेली कडधान्यं आणि नंतर घरचं जेवण आहे, जोडीला रोज साडेचार किलोमीटर चालणं आहे. दिवेकरांच्या ताटात आपल्या मुलखातलं, आपल्या हंगामातलं घरचं जेवण आहे. पाकिटातलं, डब्यातलं, येता-जाता तोंडात टाकायचं दोघांकडेही नाही. फरक पडलेला माणूस दोन्हीकडे सापडतो तो यामुळे. २०१८ सालीच अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ लोकांवर हेच पाहिलं. निम्म्यांना चरबी कमी, निम्म्यांना पिष्ट कमी. भरपूर भाजी खा, साखर आणि मैदा टाळा, हे मात्र दोघांनाही सांगितलेलं. वर्षाने दोन्ही गटांत सरासरी पाच-सहा किलो उतरले, फरक नगण्य. दीक्षितांचं एक मी मोकळेपणाने मान्य करतो, त्यांनी या सल्ल्याचा धंदा केला नाही. पण त्यांचं नाव घेऊन ‘तीन महिने दीक्षित केलं, आता सोडलं’ असं म्हणणाऱ्यांची गर्दी गावोगाव आहे. तीन महिने करून सोडायची म्हणून जी गोष्ट सुरू होते, तिचा शेवट सुरुवातीलाच ठरलेला असतो.

इथपर्यंतचं कुणीही वाचून सांगेल. मला खरं भांडायचं आहे ते स्वयंपाकघराबद्दल, कारण डाएटचा तक्ता लिहिणारा तिथे कधी पाय ठेवत नाही.

आपल्याकडच्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईचं डाएट जवळून बघा. पहाटे साडेपाचला ती ओट्याशी उभी. भुसावळला कॉलेजात जाणाऱ्या मुलाला पोळी-भाजीचा डबा, नवऱ्याला दुकानावर न्यायचा डबा, सासऱ्यांना दात नाहीत म्हणून मऊ भात, सालदाराची भाकर-भाजी. हे सगळं तेल, तिखट, मीठ घालून, चव बघून ती करते. मग स्वतःसाठी पाण्यात ढवळलेली पावडर, दुपारी काकडी. अकरा वाजता टोपल्यात एक भाकर आणि तळाशी थोडी भाजी उरते. टाकून द्यायची तिला शिकवण नाही, ती खाते, आणि डाएट मोडलं म्हणून दिवसभर मनात कुढते. संध्याकाळी पाहुणे आले की भजी तळायची तिनेच. रात्री सगळ्यांना शेवभाजी वाढून आपण ताक पिऊन झोपायचं. साऱ्या घराला वाढणाऱ्या बाईने एकटीने उपाशी राहायचं, याला उपचार म्हणायचं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. चौथ्या फेरीत हा आकडा ४८ होता. जाड दिसणाऱ्या बायका यातून सुटलेल्या नाहीत. पोट सुटलेलं आणि रक्त कमी, असं एकाच बाईचं असू शकतं, असतं. तिला भाकर बंद सांगितली आणि तिच्या जागी डाळ, अंडं, शेंगदाणे, पालेभाजी असं काहीच दिलं नाही, तर काटा उतरेल. केस गळतील, चक्कर येईल, वेचणीच्या दिवसांत कपाशीत वाकल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येईल. आणि आखाजीला वजन परत आलं की तिला ऐकवायचं, तुम्ही मनावर घेतलं नाही.

भाकरीवर हा राग तरी कशासाठी? आपल्या कळण्याच्या भाकरीत चार वाटे ज्वारी आणि एक वाटा सालासकट उडीद असतात. ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी असतं ते उडदात असतं, उडदात जे कमी असतं ते ज्वारीत. साल न काढल्याने चोथा शाबूत राहतो. सोबत वांग्याचं भरीत, कांद्याची पात, मेथी, वाटीभर घट्ट डाळ. पावडरच्या महिन्याभराच्या डब्याच्या पैशांत किती दिवसांचं हे जेवण होतं, याचा हिशोब कुठल्याही किराणा दुकानात मांडता येईल.

पण म्हणून ‘आजोबा तूप-भाकर खाऊन नव्वद वर्षं जगले’ हे बोलणंही मला मान्य नाही. आजोबा येवतीहून बोदवडच्या बाजाराला पायी यायचे आणि पायी जायचे. शिवाय आपलं जुनं ते सगळं हलकं नव्हतं. शेव बेसनाची, ती तेलात तळायची, मग लाल तवंगाच्या रश्श्यात सोडायची. बट्टी तळायची, वर तूप ओतायचं. पऱ्हाट्यांवर खरपूस भाजलेल्या वांग्यात पुन्हा तेलाची धार धरायची. हे सणावारी, लग्नात होत होतं तेव्हा निभावलं. आता शेवभाजी आठवड्यातून तीनदा होते. भाकर तशीच राहू द्या, तवंग कमी करा, हे सांगायला तक्ता लागत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहाराच्या आराखड्यात दोन हजार कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप मिळून साधारण २७ ग्रॅम धरलं आहे. घरात पाच मोठी माणसं असतील तर महिन्याला चार किलो. पंधरा किलोचा डबा साडेतीन महिन्यांहून जास्त चालायला हवा. आपल्या घरचा कधी फोडला आणि कधी संपला, ही तारीख डब्यावरच लिहून ठेवा. दीड महिन्यात संपत असेल, तर एकट्या बाईने काकडी खाऊन काय साधणार आहे? चहाचंही तसंच. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅम साखर नुसती चहात. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. चमचा दोनाचा दीड, दीडाचा एक, असं दोन-तीन महिन्यांत सगळ्या घराचं होतं, आणि झालेलं परत जात नाही, कारण जुना चहा मग गोडमिट्ट लागायला लागतो. सवय टिकते ती अशी. त्यात कुणाला वीरश्री दाखवावी लागत नाही, कुणाला वेगळं ताट लागत नाही. दळणात ज्वारी वाढवली की सगळ्यांच्याच पोटात जाते. शेव-फरसाणाची पाकिटं बाजारातून आणलीच नाहीत तर रात्री दहाला कुणाला जिभेशी झगडायचं कारण पडत नाही. यात पुरुषाला मात्र वाटा उचलावा लागतो. किराणा तो आणतो, फरसाण तो आणतो, शेवभाजीची फर्माईश त्याची असते. डाएट या कल्पनेने त्याला इतकी वर्षं मोकळं सोडलं. बाईचा प्रश्न बाईच्या जिभेचा, असं म्हटलं की घराला काहीच बदलावं लागत नाही.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो खरा आहे. साखर तीनशेच्या वर गेलेल्या माणसाने सवयी मुरायची वाट बघत बसायचं का? नाही. त्याने डॉक्टरकडे जायचं. ब्रिटनमध्ये ३०६ मधुमेहींवर झालेल्या पाहणीत निम्म्या लोकांना काही महिने सुमारे ८५० कॅलरींवर ठेवलं, आणि त्या गटात वर्षाने ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आलेला दिसला. हे मोठं यश आहे आणि मी ते नाकारत नाही. पण ते दवाखान्याच्या देखरेखीखाली झालं, नंतर रोजचं जेवण पायरी-पायरीने परत आणून वजन राखायला त्यांना दोन वर्षं सोबत दिली गेली, तरीही दुसऱ्या वर्षाअखेर ४६चे ३६ झाले. टिकले ते बहुतेक नंतरच्या जेवणात वजन राखू शकलेले. म्हणजे कडक आहार जिथे खरोखर उपयोगी पडला, तिथेही त्याचं भवितव्य पुढच्या साध्या जेवणानेच ठरवलं. आणि साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचं जेवण ‘कोच’ने परस्पर तोडणं तर सरळ जिवाशी खेळ आहे. साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळू शकतो.

दुसरा आक्षेप गरिबीचा. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, त्यात मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारी बहुतेक बाजारातूनच विकत घ्यायची. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, भाषणं झाली, पण ज्या बाईला आपण ज्वारी खा म्हणतो तिच्या पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळ पडतो. हा आक्षेप डाएटच्या बाजूने जात नाही. तो रेशनवर कायमची ज्वारी मागण्याच्या बाजूने जातो, आणि ज्या तालुक्याच्या कोरडवाहू रानात ज्वारी पिकते, तिथे ही मागणी आपणच जोराने करायला हवी.

गावात आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांची माहिती भरतात तेव्हा कमरेचा घेर मोजतात. बाईचा ऐंशी सेंटिमीटरच्या वर, पुरुषाचा नव्वदच्या वर गेला तर जोखमीचा गुण वाढतो. ही टेप फुकट आहे आणि पोटातली चरबी ती काट्यापेक्षा लवकर पकडते. पण तिला कुणी विचारत नाही, कारण ती तक्ता विकत नाही.

म्हणून एकवीस दिवसांत पाच किलोची पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडे माझी एक मागणी आहे. ज्यांचे फोटो भिंतीवर लावले आहेत, त्यांनाच दोन वर्षांनी परत बोलवा. वजन घ्या, कमरेचा घेर घ्या, बायकांचं हिमोग्लोबिन तपासा, आणि आलेले आकडे त्याच फोटोखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा. जे मधेच सोडून गेले त्यांचेही लिहा. ते होईपर्यंत आमच्या घरातल्या कुठल्याही बाईला मनावर घेतलं नाही असं म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही.